बर्ड फ्लूने वाघ कसे मेले? व्हायरस एका प्राण्यातून दुसऱ्यात उडी कशी मारतो?

डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला आणि त्यात नाव होतं एच5एन1, म्हणजेच बर्ड फ्लू.

पक्ष्यांचा आजार वाघांना कसा झाला? आणि उद्या तो माणसांमध्ये पसरू शकतो का?

व्हायरस बदलतो म्हणजे काय होतं?

व्हायरस एकटा वाढू शकत नाही. तो पेशीत शिरतो आणि तिथलंच सामान वापरून स्वतःच्या हजारो कॉपी काढतो. फ्लूच्या व्हायरसची जनुकं आरएनएची असतात आणि त्यांची कॉपी काढताना झालेली चूक तपासायची सोय त्याच्याकडे नसते. म्हणून चुका होत राहतात. हेच म्युटेशन.

बहुतेक चुका व्हायरसच्याच मुळावर येतात किंवा त्यांनी काही फरक पडत नाही. पण एखादी चूक चुकून फायद्याची ठरते. ती असलेला व्हायरस जास्त पसरतो आणि बाकीचे मागे पडतात. 'व्हायरस हुशार झाला' असं आपण म्हणतो, पण त्याला काहीच कळत नसतं. हा सगळा आकड्यांचा खेळ आहे.

पत्ते पिसल्यासारखी जनुकं

फ्लूची जनुकं 8 वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. समजा, एकाच डुकराला दोन वेगळ्या फ्लूंची एकदम लागण झाली, तर हे तुकडे आपसात मिसळून तिसराच व्हायरस तयार होऊ शकतो. 1957 आणि 1968 च्या जागतिक साथींचे व्हायरस माणसांच्या आणि पक्ष्यांच्या फ्लूची अशीच सरमिसळ होऊन बनले होते. भारतातला पहिला बळी पुण्यात घेणारा 2009 चा स्वाइन फ्लूही अशाच सरमिसळीतून आला.

मग माणसांत का पसरत नाही?

पेशीत शिरायला व्हायरसला कुलूप उघडावं लागतं. बर्ड फ्लूची किल्ली पक्ष्यांच्या पेशींना नीट बसते. माणसाच्या नाका-घशात मुख्यतः वेगळं कुलूप असतं. पक्ष्यांसारखी कुलपं आपल्या फुप्फुसात खोलवर आहेत. त्यामुळे लागण सहज होत नाही, पण झाली तर आजार गंभीर होऊ शकतो. 2003 पासून जगभरात 900 हून अधिक माणसांना लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यातले साधारण निम्मे दगावले. पण एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो सतत पसरत गेला, असं अजून झालेलं नाही.

आतापर्यंतचा प्रवास

1996 मध्ये हा व्हायरस चीनच्या ग्वांगडोंगमध्ये हंसात सापडला. 1997 मध्ये हाँगकाँगमध्ये 18 जणांना लागण झाली, 6 जण गेले. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातली पहिली साथ आपल्या नंदुरबारच्या नवापूरमध्ये आली आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मार्च 2024 मध्ये तो अमेरिकेत चक्क दुभत्या गायींमध्ये सापडला.

वाघांच्या बाबतीत संशय खाण्यावर होता. थायलंडमध्ये 2004 साली एका प्राणीसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाऊ घातलेले शंभरहून अधिक वाघ मेले किंवा मारावे लागले होते. बाधित मांस पोटात गेलं की व्हायरसचा भरपूर डोस एकदम मिळतो. मग किल्ली नीट बसत नसली तरी दार उघडू शकतं.

कोंबड्या मारतात कशाला?

नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनी डोळ्यांसमोर धंदा बुडताना पाहिला, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. प्रत्येक बाधित कोंबडी म्हणजे व्हायरसच्या हातातली लॉटरीची हजारो तिकिटं. बहुतेक तिकिटं फुकट जातात. पण तिकिटं जितकी जास्त, तितकी एखादं लागण्याची शक्यता जास्त. कोंबड्या मारून ती तिकिटंच कमी केली जातात.

तुम्ही काय करायचं?

'चिकन खाऊ नका'चे फॉरवर्ड पुढे ढकलू नका. आतपर्यंत 70 अंश सेल्सियसला शिजलेल्या चिकन-अंड्यात हा व्हायरस टिकत नाही. आपला रस्सा तर उकळतोच. मात्र अर्धकच्ची अंडी आणि न तापवलेलं दूध टाळा. मांजरालाही कच्चं चिकन देऊ नका, तीही वाघाच्याच कुळातली आहे. कावळे किंवा कोंबड्या एकदम मेलेल्या दिसल्या तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.