गोल कणाचे कूळ

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी, बोरी बुद्रुकला, राखेचा एक थर आहे. सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची ही राख चिमटीत पिठासारखी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्यात फुटलेल्या काचेच्या बुडबुड्यांच्या धारदार कपच्या दिसतात. टायटॅनियमच्या बारीक, गोल भुकटीची कुळकथा मला इथून सुरू करावीशी वाटते. भुकटी म्हटले की आपल्याला कुटणे-दळणे आठवते, पण हिचे कूळ खलबत्त्याचे नाही, सोनाराच्या रव्याचे आहे. सोन्याचे बारके तुकडे कोळशाच्या भुकटीत तापवले की वितळताच प्रत्येक तुकडा पृष्ठताणाने आवळून गोल रवा होतो. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने 1782 मध्ये याच गुणावर छर्ऱ्यांचे पेटंट घेतले: वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडायचे, थेंब पडतापडता गोल होतो. कोणी विचारेल, राखही वितळलेल्या खडकाचीच, मग ती गोल का नाही? कारण तो रस काकवीहून कितीतरी घट्ट; गोल व्हायला उसंत मिळण्याआधीच फुटून थिजतो. धातूचा रस पाण्यासारखा पातळ असतो.

तरीही वॉट्सची युक्ती टायटॅनियमला जशीच्या तशी चालत नाही. कुकडीच्या वाळूत चुंबक फिरवला की चिकटणाऱ्या, सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून झिजून आलेल्या काळ्या रेतीतही थोडे टायटॅनियम असते, पण ऑक्सिजनशी घट्ट बांधलेले. ही ओढ शुद्ध धातूतही जात नाही. 1668 अंशांना वितळल्यावर तो हवा शोषून ठिसूळ होतो आणि मुशीलाही खातो. म्हणून कारागिरांनी मूसच काढून टाकली: मिश्रधातूची कांडी उभी टांगायची, विजेच्या वेटोळ्याने तिचे टोक वितळवायचे आणि गळणारी धार आर्गॉनच्या झोताने फोडायची. एवढा खटाटोप कशाला, हायड्रोजनने ठिसूळ करून दळलेली भुकटी स्वस्त पडते, हा आक्षेप खोटा नाही. साच्यात दाबायला ते कोनदार कण उलट बरे, एकमेकांत अडकून राहतात. पण कृत्रिम सांधा लेसरने थरावर थर वितळवून घडवायचा, तर 15 ते 45 मायक्रॉनचे कण राजगिऱ्यासारखे घरंगळून सारखे पसरले पाहिजेत. तिथे अडकणे हाच दोष ठरतो. अर्थात गोलाईवर डोळे मिटून विसंबता येत नाही. काही कणांच्या पोटात आर्गॉन कोंडलेला राहतो. म्हणून नमुन्यातले कण राळेत बसवून, घासून, कापलेल्या पृष्ठावर सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुडे शोधले जातात.