कोमेइतो
जपानमधील एक मध्यममार्गी राजकीय पक्ष. स्थापना १९६४. तेराव्या शतकातील भिक्षू निचिरेन याची परंपरा मानणाऱ्या सोका गाक्काई या बौद्ध संघटनेतून तो जन्मला. आरंभीच्या जाहीरनाम्यात राज्यकारभार व बुद्धधर्म यांच्या ऐक्याची भाषा होती. मात्र संघटनेवर टीका करणाऱ्या एका पुस्तकाचे प्रकाशन दडपण्याचा प्रयत्न अंगलट आला आणि १९७० मध्ये ती भाषा वगळून पक्ष व संघटना औपचारिकरीत्या वेगळे झाले. औपचारिकरीत्याच, पक्षासाठी मते मागणारे पुढेही बहुतांशी श्रद्धावंतच राहिले.

पक्षाची खरी छाप परराष्ट्र धोरणावर दिसते. सोका गाक्काईचे अध्यक्ष दाइसाकू इकेदा यांनी १९६८ मध्ये चीनशी संबंध पूर्ववत करण्याचे जाहीर आवाहन केले, तेव्हा जपान तैवानच्या सरकारलाच मान्यता देत होता. जुलै १९७२ मध्ये पक्षाध्यक्ष योशिकात्सु ताकेइरी बीजिंगला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना भेटले. चीन युद्धाची नुकसानभरपाई मागणार नाही, हे त्या भेटीत कळले. ताकेइरींची टिपणे हाती आल्यावर जपानचे पंतप्रधान काकुएइ तानाका यांची भीड चेपली व सप्टेंबरात करार झाला. विरोधी बाकांवरील पक्षाने एवढे साधल्याची उदाहरणे थोडी.

१९९९ मध्ये उदारमतवादी लोकशाही पक्षाबरोबर सत्तेत आल्यावर पक्षाच्या शांततावादाला मुरड पडली. इराकमध्ये सैनिक पाठवण्यास व २०१५ च्या सुरक्षा कायद्यांना पक्षाने, काही अटी घालून का होईना, संमती दिली. २०२५ मध्ये तो आघाडीतून बाहेर पडला.