वर्ग, घन आणि घात

घातांकांचे दोन नियम मुले पाठ करतात. पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज करायची, आणि घाताचा घात घेताना त्यांचा गुणाकार करायचा. कुठे बेरीज नि कुठे गुणाकार, हा घोळ मात्र थेट परीक्षेपर्यंत चालतो. नगरकडच्या शाळांत आयुष्य गेले, हे फार जवळून पाहिले आहे.

गंमत म्हणजे हा घोळ मिटवणारी नावे आपल्याच जुन्या बीजगणितात आहेत. दुसरा घात वर्ग, तिसरा घन. चौथा 'वर्गवर्ग', म्हणजे वर्गाचा वर्ग, दोन दुणे चार. सहावा 'घनवर्ग', तीन दुणे सहा. मग पाचवा? तो 'वर्गघनघात'! घात म्हणजे गुणाकार. वर्ग आणि घन यांचा गुणाकार, म्हणून दोन अधिक तीन पाच. बघा, दोन्ही नियम नावांतच आले.

घातांक अपूर्णांकात लिहिण्याची पद्धत पुढची. देकार्तने १६३७ साली अक्षराच्या डोक्यावर घातांक मांडला, न्यूटनच्या १६७६ च्या पत्रात १/२, ३/२ असे घातांक दिसतात. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ग्रंथांत ते नाहीत. पण अशी समीकरणे सोडवण्याची किल्ली 'लीलावती'त आहे. तिचे नाव व्यस्तविधी, म्हणजे उलट रीत. शेवटून मागे यायचे, वर्गाच्या जागी मूळ घ्यायचे, मुळाच्या जागी वर्ग.

समजा, क्षचा घातांक ३/२ आणि उत्तर २७. म्हणजे क्षचे वर्गमूळ काढून त्याचा घन केला आहे. आता उलटे चला. २७ चे घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. झाले!

चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ही नोंद. शेवटी मठाला दिलेल्या देणग्या चक्क मराठीत लिहिल्या आहेत. गणित शिकवणे हे गावाने पोसायचे काम आहे, असे तेव्हा लोकांना वाटत होते. आज आपण तेच काम पाठांतरावर सोडून देतो, याचे वाईट वाटते.

असो. घरात आठवी-नववीचे मूल असेल तर त्याला एवढे विचारा: क्षचा घातांक ३/४, उत्तर ८, तर क्ष किती? नियम सांगू नका. फक्त 'वर्गवर्ग' हा शब्द कानावर घाला.