घडीचे टोनो कव्हर

घडीचे टोनो कव्हर हे पिकअप ट्रकच्या उघड्या हौद्यावर बसवले जाणारे व बिजागऱ्यांवर दुमडता येणारे सपाट आच्छादन होय. हौद्यातील मालाचे पाऊस, बर्फ, धूळ, ऊन आणि चोरी यांपासून रक्षण करणे हा त्याचा उद्देश असतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत पिकअप ट्रक हे घरगुती वाहन म्हणूनही वापरले जाते. त्यामुळे तेथे या आच्छादनाचा प्रसार विशेष आहे. हे आच्छादन जलरोधक असते असा समज आढळतो. प्रत्यक्षात ते जलप्रतिरोधक असते. म्हणजे बहुतेक पाणी ते बाहेर ठेवते, परंतु हौदा पूर्णपणे कोरडा राहील याची हमी देत नाही. ते किती पाणी अडवील, हे त्याच्या साहित्यापेक्षा ते हौद्यावर किती अचूक बसले आहे यावर अधिक अवलंबून असते.

नाव

‘टोनो’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ पिंप असा आहे. मोटारगाड्यांच्या आरंभीच्या काळात गाडीच्या मागील आसनांच्या उघड्या, गोलसर भागास हे नाव मिळाले. त्या भागात प्रवासी नसताना त्यावर ताणून बसवायच्या कापडास टोनो कव्हर म्हणू लागले. पुढे हेच नाव उघड्या टपाच्या गाड्यांवरील आणि त्यानंतर पिकअप ट्रकच्या हौद्यावरील आच्छादनास लागू झाले.

रचना व प्रकार

पिकअप ट्रकच्या हौद्यास चालककक्षालगतची पुढील भिंत, दोन स्थिर बाजू आणि मागे खाली पडणारा फाळका अशा चार बाजू असतात. घडीचे आच्छादन या चारही बाजूंच्या वरच्या कडांवर टेकते. त्याचा पुढील भाग शिकंज्यांनी (क्लॅम्पांनी) दोन्ही बाजूंच्या कडांना आवळलेला असतो. उरलेले भाग मागून पुढे दुमडत नेता येतात. बहुतेक नमुन्यांसाठी हौद्याच्या पत्र्यास भोके पाडावी लागत नाहीत.

साहित्यानुसार याचे दोन मुख्य प्रकार पडतात.

मऊ आच्छादन: ॲल्युमिनियमच्या चौकटीवर व्हिनाइलचे जाड कापड ताणलेले असते. दुमडण्याच्या जागीही कापड सहसा अखंड असल्याने तेथून पाणी शिरण्याचा संभव कमी असतो. ते वजनाने हलके व तुलनेने स्वस्त असते. परंतु चाकूने कापता येत असल्याने चोरीपासून मिळणारे संरक्षण मर्यादित असते. एक्सटँग कंपनीचे ट्रायफेक्टा हे या प्रकारचे उदाहरण होय.

कठीण आच्छादन: यात ॲल्युमिनियमची किंवा काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची पॅनेल असतात. अनेक नमुन्यांत दोन पातळ थरांमध्ये फेसासारखा हलका गाभा भरलेला असतो. दोन पॅनेलमधील सांध्यावर रबराची पट्टी किंवा लवचीक बिजागरी असते. अंडरकव्हर फ्लेक्स व बॅकफ्लिप ही या प्रकारची उदाहरणे होत.

गुंडाळी करता येणारे, डब्यात सरकत जाणारे आणि एकसंध झाकणासारखे उघडणारे असेही टोनो कव्हरचे प्रकार आहेत. एकसंध झाकणात सांधा नसल्यामुळे पाणी शिरण्याच्या वाटा कमी असतात. मात्र उंच माल नेताना ते बाजूस दुमडून ठेवता येत नाही. घडीच्या आच्छादनात सोय मिळते, तर तिच्या मोबदल्यात सांधे वाढतात.

हौद्याशी जुळणी

घडीचे आच्छादन विशिष्ट ट्रकसाठी, त्याच्या विशिष्ट वर्षांच्या नमुन्यासाठी आणि हौद्याच्या विशिष्ट लांबीसाठी बनवलेले असते. बोलीभाषेत ‘साडेपाच फुटी’ किंवा ‘आखूड’ हौदा म्हटला, तरी निरनिराळ्या कंपन्यांची मापे सारखी नसतात. फोर्ड एफ-१५० च्या आखूड हौद्याची लांबी सुमारे ६७.१ इंच (१७०.४ सेंमी) आहे, तर २०१९ पासूनच्या शेव्हरोले सिल्व्हेरॅडोच्या आखूड हौद्याची लांबी सुमारे ६९.९ इंच (१७७.५ सेंमी) आहे. हा फरक सात सेंटिमीटरांहून अधिक भरतो. त्यामुळे एकाचे आच्छादन दुसऱ्यास बसत नाही. म्हणून पुढील भिंतीच्या आतील बाजूपासून बंद फाळक्याच्या आतील बाजूपर्यंत प्रत्यक्ष माप घेणे आवश्यक ठरते.

लांबीखेरीज पुढील बाबींचा जुळणीवर परिणाम होतो.

अस्तर: हौद्याच्या कडांवरून वळणारे प्लास्टिकचे अस्तर असल्यास रबरी पट्टी धातूच्या सपाट कडेवर टेकत नाही आणि शिकंजेही नीट धरत नाहीत. अशा वेळी अस्तराचा तेवढा भाग कापावा लागतो. फवाऱ्याने दिलेल्या अस्तराने ही अडचण सहसा येत नाही. मात्र त्याचा पृष्ठभाग फार खरबरीत असल्यास पट्टीखाली बारीक फटी राहतात.

माल बांधण्याचे रूळ: टोयोटा टॅकोमासारख्या ट्रकांच्या हौद्यात बाजूंना माल बांधण्यासाठी रूळ असतात. अशा हौद्यासाठी वेगळे शिकंजे लागतात.

बाजूच्या पेट्या: रॅम ट्रकमध्ये ‘रॅमबॉक्स’ नावाच्या कुलूपबंद पेट्या हौद्याच्या बाजूंत बसवून मिळतात. त्यांच्यामुळे मधला हौदा अरुंद होतो व त्यासाठी स्वतंत्र मापाचे आच्छादन घ्यावे लागते.

काटकोन: अपघातानंतर दुरुस्त केलेला हौदा किंचित तिरका झालेला असू शकतो. हौद्याच्या दोन्ही कर्णांची मापे घेऊन हे ओळखता येते. कर्ण असमान असल्यास आच्छादन एका कोपऱ्यात घट्ट बसते व दुसऱ्या कोपऱ्यात फट राहते.

बसवण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. कडांच्या वर टेकणारे आच्छादन कडेवर थोडे पुढे येते. त्यामुळे पाणी बाहेरच्या बाजूस ओघळते. कडांच्या आत, त्यांच्या पातळीत बसणारे आच्छादन दिसण्यास नेटके असते. परंतु कड व पॅनेल यांच्यामधील फटीत पडणारे पाणी वाहून नेण्यासाठी त्याला पन्हळीची गरज भासते. अशा काही नमुन्यांत पन्हळीतील पाणी रबरी नळ्यांवाटे हौद्याबाहेर सोडलेले असते.

पाणी शिरण्याच्या वाटा

एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास एक लिटर पाणी साचते. दीड मीटर रुंद व दोन मीटर लांब आच्छादनाचे क्षेत्र तीन चौरस मीटर होते. म्हणजे २५ मिलिमीटर पावसात त्यावर ७५ लिटर पाणी पडते. त्यातील ९९ टक्के पाणी बाहेर गेले, तरी पाऊण लिटर पाणी हौद्यात उतरते. धान्याचे पोते, पुठ्ठ्याचे खोके किंवा विजेवर चालणारी हत्यारे भिजण्यास एवढे पाणी पुरेसे असते. ‘बरेचसे पाणी अडते’ आणि ‘माल कोरडा राहतो’ ही दोन विधाने समानार्थी नाहीत, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

पाणी प्रामुख्याने पुढील ठिकाणांहून शिरते.

१. पुढील कोपरे: चालककक्षाच्या टपावरून व मागील काचेवरून ओघळणारे पाणी हौद्याच्या पुढील भिंतीवर येते. तेथे लांबीच्या व रुंदीच्या रबरी पट्ट्या एकमेकींस मिळतात. हा मिलाफ तुटक राहिल्यास गळती होते. आच्छादन बसवताना ते काही मिलिमीटर मागे राहिले, तर पुढील पट्टी दाबली जात नाही.

२. बाजूच्या कडा: अनेक ट्रकांच्या कडांवर खांब रोवण्यासाठी चौकोनी खाचा असतात. पट्टी या खाचेवरून गेल्यास तिला खाली आधार मिळत नाही. खाचेत शिरलेले पाणी बाजूच्या पोकळीत जाते व काही रचनांत हौद्यातही उतरते.

३. पॅनेलचे सांधे: कठीण आच्छादनात सांध्यांवरील रबर जुने होऊन आकसते किंवा त्यास भेगा पडतात. सांध्यात थांबलेले पाणी केशाकर्षणाने बारीक फटीतून आत ओढले जाते.

४. फाळका: फाळका व हौद्याच्या बाजू यांच्यामधील आणि फाळक्याखालील फट कारखान्यातूनच मोकळी ठेवलेली असते. आच्छादन उत्तम बसले, तरी ही फट ते बुजवू शकत नाही. धावत्या ट्रकच्या मागे हवेचा दाब कमी होतो व चाकांनी उडवलेले तुषार आणि धूळ या वाटेने आत येतात. त्यासाठी फाळक्याची रबरी पट्टी वेगळी बसवावी लागते.

५. तळ: हौद्याच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती सरसकट बुजवल्यास आत आलेले पाणी साचून राहते आणि गंजण्यास वाव मिळतो.

पाण्याची दिशाही महत्त्वाची ठरते. उतारावर तोंड खाली करून उभ्या केलेल्या ट्रकवर पाणी मागे न जाता पुढील भिंतीकडे जमते. उच्च दाबाच्या फवाऱ्याने धुताना पाणी पट्टीखाली ढकलले जाते. पावसात न गळणारे आच्छादनही अशा वेळी गळू शकते.

हवामान व झीज

ॲल्युमिनियम तापल्यावर प्रसरण पावते. दोन मीटर लांबीच्या पट्टीत तापमानातील ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे १.८ मिलिमीटर वाढ होते. त्यामुळे फटीत थोडी मोकळीक ठेवावीच लागते आणि तिची भरपाई रबराच्या लवचीकपणाने होते. व्हिनाइल थंडीत आकसते व ताठर होते. कडाक्याच्या थंडीत ते ओढून बसवणे कठीण जाते.

पट्ट्यांसाठी बहुधा ईपीडीएम रबर वापरतात. हे रबर ऊन, ओझोन व पाणी चांगले सोसते. परंतु खनिज तेलाच्या संपर्कात ते फुगते व कमजोर होते. म्हणून त्यावर ग्रीस किंवा इंजिन तेल न लावता सिलिकोनयुक्त वंगण लावतात. पट्टीखाली अडकलेली वाळू, पाने व चिखल वेळोवेळी काढणे आणि नळ्या मोकळ्या ठेवणे हा देखभालीचा मुख्य भाग होय. कंपनाने शिकंजे सैल होतात; बसवल्यानंतर काही दिवसांनी ते पुन्हा आवळण्याची सूचना उत्पादक देतात.

साचलेल्या बर्फाच्या भाराने पॅनेल मध्यभागी वाकते व कडेची पट्टी उचलली जाते. काही कठीण आच्छादनांसाठी सुमारे ४०० पौंडांपर्यंत (सुमारे १८० किलो) भार चालतो असे उत्पादक सांगतात. परंतु तो सर्वत्र सारखा पसरलेला भार असतो. एका ठिकाणी उभ्या राहिलेल्या माणसाच्या वजनास ही मर्यादा लागू पडत नाही.

तपासणी

पट्टी नीट दाबली जाते की नाही हे कागदाच्या पट्टीने पाहता येते. कड व रबर यांच्यामध्ये कागद ठेवून आच्छादन बंद करतात व कागद हळू ओढतात. तो सहज निसटल्यास त्या जागी दाब अपुरा असतो. गळतीची जागा शोधण्यासाठी हौद्यात कोरडी वर्तमानपत्रे पसरून बागेच्या नळीने कमी दाबाचे पाणी सोडतात. एका वेळी एकाच बाजूस पाणी सोडल्यास ओल कोठून आली ते निश्चित कळते. सगळीकडे एकदम पाणी सोडल्यास तसे कळत नाही. कारण आत आलेले पाणी कडेच्या आतून वाहत जाऊन दूरवर ठिबकते.

सुरक्षितता

सैल शिकंजे किंवा उघड्या राहिलेल्या कड्या यांमुळे आच्छादन वेगात वाऱ्याने उचलले जाऊन मागील वाहनांवर पडण्याचा धोका असतो. पूर्ण दुमडलेले आच्छादन चालककक्षास टेकून उभे राहिल्यास मागील काच झाकली जाते, तसेच उंचावरील तिसरा ब्रेक दिवाही झाकला जाऊ शकतो. अमेरिकेत हलक्या ट्रकांना हा दिवा १९९४ च्या मॉडेल वर्षापासून सक्तीचा आहे. दुमडलेला भाग पट्ट्यांनी बांधल्यावाचून वाहन चालवू नये. बंद हौद्यात माणसे किंवा जनावरे नेणे घातक असते. कारण फाळक्याच्या फटीतून धुराड्यातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो.

ताडपत्रीशी तुलना

भारतात टोयोटा हायलक्स व इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस यांसारख्या स्थिर बाजूंच्या पिकअपना घडीचे आच्छादन बसू शकते. मालवाहतुकीच्या अनेक पिकअप व टेम्पोंमध्ये मात्र बाजूचे फाळकेही खाली पडतात आणि माल कडांहून उंच रचला जातो. तेथे ताडपत्री व दोर हाच प्रचलित उपाय आहे. दोहोंचे तत्त्व वेगळे आहे. ताडपत्री मालावर उतरती बसते व कडांच्या बाहेर लोंबते. त्यामुळे पाणी पागोळ्यांप्रमाणे बाहेर पडते. घडीचे आच्छादन सपाट असून कडेवरच संपते. तेथे पाणी अडवण्याचे काम केवळ रबरी पट्टी करते. म्हणूनच भिजून खराब होणारा माल आच्छादनाखालीही बंद पेटीत किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तळापासून थोडा उंच ठेवणे इष्ट ठरते.