स्टोअररूमचं कुलूप

मंडळी, वाढत्या कंपनीत काम करणाऱ्याच्या नशिबी एक दिवस हमखास येतो. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात आपल्याच कंपनीचं आयकार्ड असतं, आणि आपण त्याला जन्मात पाहिलेलं नसतं. मग हळूहळू बाकीचं सुरू होतं. माऊस हवा तर तिकीट टाका. रजा हवी तर पोर्टलवर जा. पूर्वी जो निर्णय खालच्या टपरीवर अर्ध्या चहात व्हायचा त्याला आता तीन मीटिंगा लागतात. जुनी मंडळी 'पूर्वीची मजा राहिली नाही' म्हणून उसासे टाकतात आणि नव्यांना ती मजा काय होती तेच माहीत नसतं.

हे सगळं मी दोन कंपन्यांत जवळून पाहिलंय. म्हणून हे आपल्याआधी कुणाच्या वाट्याला आलं होतं का, आणि त्यांनी काय केलं, याबद्दल मिळेल ते वाचत असतो. त्यात मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो ह्यूलेट-पॅकार्डचा इतिहास. हो, तीच ती प्रिंटरवाली एचपी.

सुरुवात बहुतेकांना ठाऊक असते. बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड हे स्टॅनफर्डमधले दोन मित्र. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये एका घराचं गॅरेज, भांडवल ५३८ डॉलर, आणि १ जानेवारी १९३९ ला रीतसर भागीदारी. कुणाचं नाव आधी लावायचं हे नाणं उडवून ठरवलं. पहिलं उत्पादन म्हणजे ध्वनीच्या चाचण्यांसाठी लागणारा ऑसिलेटर. त्याचा मॉडेल नंबर ठेवला २००ए, कारण १ नंबर ठेवला असता तर गिऱ्हाइकाला कळलं असतं की ही पोरं कालच धंद्यात उतरलीत! पुढे त्याच्या सुधारलेल्या मॉडेलचे आठ नग डिस्नेनं 'फँटेशिया' या सिनेमासाठी घेतले आणि गाडी सुरू झाली.

पण मला गॅरेजपेक्षा स्टोअररूमची गोष्ट जास्त आवडते. पॅकार्ड एचपीच्या आधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता. तिथे हत्यारं आणि सुट्या भागांवर कडक पहारा असे. परिणाम काय, तर हा पहारा चुकवून वस्तू लांबवणं हा लोकांना खेळच वाटायला लागला. म्हणून एचपीत त्यानं स्टोअर उघडं ठेवायचं ठरवलं. पुढे कंपनी वाढल्यावर एका सुट्टीच्या दिवशी ह्यूलेट काही सामान घ्यायला आला, तर स्टोअरला कुलूप! पठ्ठ्यानं ते तोडलं आणि पुन्हा कुलूप लावू नका अशी चिठ्ठी ठेवून गेला.

आता बघा, ते कुलूप कुणी दुष्टाव्यानं लावलं नसणार. माणसं वाढली की कुणालातरी वाटतंच, थोडी शिस्त हवी. वाढत्या कंपनीत बहुतेक कुलपं अशीच, चांगल्या हेतूनं लागतात. दहा जणांत विश्वास आपोआप असतो, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. हजारांत तो टिकवायचा तर कुणीतरी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

ते कष्ट या दोघांनी घेतले. चाळीसच्या दशकात एका कर्मचाऱ्याला टीबी झाला आणि त्याला दोन वर्षं रजा घ्यावी लागली. घराची झालेली ओढाताण पाहून कंपनीनं मोठ्या आजारपणाचा विमा सगळ्यांसाठी सुरू केला. १९५७ साली, माणसं हजाराच्या पुढे गेली होती तेव्हा, सोनोमा इथे वरिष्ठांची बैठक घेऊन कंपनीची उद्दिष्टं कागदावर उतरवली. त्याच वर्षी शेअर बाजारात आले आणि सहा महिने नोकरी झालेल्या प्रत्येकाला शेअर दिले. १९६७ मध्ये जर्मनीतल्या कारखान्यात कामाच्या वेळा लवचिक केल्या. आज आपल्याला 'फ्लेक्सी टायमिंग'चं काही वाटत नाही, पण १९६७ साली कारखान्यात ही चैन होती.

आता खरी परीक्षा. १९७० साली अमेरिकेत मंदी आली. ऑर्डरी घटल्या, आणि हिशेबानं साधारण दहा टक्के माणसं जास्त होत होती. एचपीनं काय केलं, तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं काम आणि पगार दहा टक्क्यांनी कमी केला. दोन आठवड्यांत दहाऐवजी नऊ दिवस काम, एका शुक्रवारी बिनपगारी सुट्टी. साधारण सहा महिन्यांनी ऑर्डरी परत आल्या आणि माणसं जागेवरच होती.

ही गोष्ट सहसा 'किती थोर मालक' म्हणून सांगितली जाते. थोर होतेच, पण मला त्यामागचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. या दोघांनी पहिल्यापासून दोन पथ्यं पाळली होती. वाढायचं ते मुख्यतः स्वतःच्या नफ्यातून, मोठं कर्ज काढून नाही. आणि ज्या कंत्राटासाठी आज भरमसाट भरती करून उद्या तेवढीच माणसं काढावी लागतील, ते कंत्राट कितीही मोठं असलं तरी घ्यायचं नाही. म्हणजे १९७० चा चांगुलपणा १९७० साली सुचलेला नव्हता. पंचवीस-तीस वर्षं सोडून दिलेल्या कंत्राटांमधून त्याची किंमत आधीच मोजून झाली होती.

अर्थात पथ्यं पाळूनही कंपनी म्हातारी होतेच. १९९० च्या सुमाराला एचपीत नव्वद हजारांच्या आसपास लोक होते आणि साध्या निर्णयांसाठी समित्यांवर समित्या बसत होत्या. सत्तरी ओलांडलेले दोघे संस्थापक पुन्हा कंपनीत फिरले, लोकांशी बोलले, आणि समित्यांचं ते जाळं मोडायला लावलं. कुलूप तोडण्याचाच हा मोठा प्रयोग म्हणायचा! १९९६ साली पॅकार्ड गेला आणि जानेवारी २००१ मध्ये ह्यूलेट.

त्याच २००१ सालात पुन्हा मंदी आली. जूनमध्ये कंपनीनं लोकांना आवाहन केलं, की स्वखुशीनं पगारकपात घ्या किंवा रजा खर्ची घाला. ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी होकार दिला. विचार करा, सक्ती नसताना! आणि काही आठवड्यांतच, जुलैमध्ये, सहा हजार जणांना काढण्याची घोषणा झाली. पाठोपाठ कॉम्पॅकच्या विलीनीकरणात आणखी पंधरा हजारांची भर.

काळ वेगळा होता, धंदा वेगळा होता, कंपनी कितीतरी पटींनी मोठी होती, हे सगळं मान्य. २००१ च्या व्यवस्थापनाला १९७० चा उपाय जमलाच असता असं मी म्हणत नाही. पण त्या ऐंशी हजारांनी जो होकार दिला तो १९७० च्या आठवणीवर दिला होता, असं मला राहून राहून वाटतं. विश्वासाचं खातं आधीच्या पिढीनं भरलं होतं, आणि ते एका उन्हाळ्यात रिकामं झालं.

सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडे पुण्यात काय, बंगळुरात काय, कंपनी चांगली की वाईट हे आपण कॅन्टीन, टीटीचं टेबल आणि ऑनसाइटवरून ठरवतो. इंटरव्ह्यूत 'आमचं कल्चर फार छान आहे' हे तर सगळेच ऐकवतात. त्याऐवजी दोन गोष्टी विचारून बघाव्यात. गेल्या वर्षी इतकी भरती केली ती कुठल्या पैशावर आणि कुठल्या कामासाठी? आणि शेवटची मंदी आली तेव्हा पहिली कात्री कुणाच्या पगाराला लागली? उत्तर द्यायला समोरचा अडखळला तरी बरंच काही कळतं.

आणि आपल्यापैकी जे आता टीम लीड, मॅनेजर वगैरे झालेत त्यांच्यासाठी एक जास्तीची गोष्ट. पुढच्या वेळी 'थोडी शिस्त हवी' म्हणून एखादं नवीन अप्रूव्हल, एखादं नवीन तिकीट सुरू करण्याआधी ते कुलूप आठवा. दहा पंधरा हजारांच्या सामानासाठी आपण दोनशे माणसांना 'तुमच्यावर भरवसा नाही' असं तर सांगत नाही ना, एवढं बघा.

असो. सोमवार आला, बिल्ड वाट बघतंय.