आजिअस, ॲम्ब्रोझ
(१७ सप्टेंबर १८५६–१३ डिसेंबर १९११). बेनेडिक्टिन संघाचा आर्चबिशप व फिलिपीन्समधील पोपचा प्रतिनिधी. घराणे मूळ माल्टाचे. जन्म ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे. इंग्लंडमधील रॅम्झगेट येथील मठात तो संन्यासी झाला. १९०४ मध्ये पोप दहावा पायस याने त्यास पामायराचे नामधारी आर्चबिशपपद देऊन मानिलास नेमले. त्याचा पूर्वाधिकारी ग्विदी त्याच वर्षी मानिलात वारला होता.

स्पॅनिश राजवटीत फिलिपीन्सचे चर्च राजाच्या आश्रयाधिकाराखाली असे. गोव्यातील पोर्तुगीज पाद्रुआदोशी या व्यवस्थेचे पुष्कळ साम्य होते. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेकडे गेली आणि हा आश्रय संपला. मठांच्या सु. १,६०,००० हेक्टर जमिनींच्या खरेदीचा करार ग्विदीच्याच काळात, १९०३ मध्ये, झाला. खरा सल निराळाच होता. स्पॅनिश संन्याशांच्या वर्चस्वामुळे देशी धर्मगुरू दुय्यम ठरत. १८७२ मध्ये त्यांच्यापैकी गोमेझ, बुर्गोस व सामोरा या तिघांना देहान्त शासन झाले होते. १९०२ मध्ये ग्रेगोर्यो आग्लिपायच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र चर्च निघाले आणि अनेक गावांतील चर्चवास्तू त्याच्या अनुयायांच्या ताब्यात गेल्या.

आजिअस हा राजदूत नव्हता. या पदाचा अधिकार स्थानिक चर्चपुरता असतो, त्याला राजनैतिक दर्जा नसतो. त्यामुळे त्याची भिस्त धर्मांतर्गत नेमणुकांवरच होती. २९ जून १९०६ रोजी त्याने होर्हे बार्लिन यास बिशपपदाची दीक्षा दिली. फिलिपिनो वंशाचा हा पहिला बिशप. त्यासाठी १५६५ पासून सु. ३४० वर्षे जावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बार्लिनच्या नावाने चाललेल्या लागोनोय येथील चर्चच्या दाव्यात फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने वास्तू रोमन कॅथलिक चर्चची ठरविली. आग्लिपायपंथीयांना हा मोठाच धक्का होता.

१९०७ मध्ये आजिअसच्या अध्यक्षतेखाली मानिलाची प्रांतिक धर्मसभा भरली. १९१० मध्ये लिपा, तुगेगाराओ, काल्बायोग व साम्बोआंगा हे नवे धर्मप्रांत स्थापन झाले आणि काल्बायोगला फिलिपिनो बिशप मिळाला. तथापि देशीकरणाची गती मंदच राहिली. बार्लिन १९०९ मध्ये वारल्यावर त्याच्या नुएवा कासेरेस धर्मप्रांतावर अमेरिकेहून आलेला बिशप बसला, तर मानिलाला फिलिपिनो आर्चबिशप १९४९ मध्ये लाभला. आजिअस मानिला येथेच पदावर असताना निवर्तला.