कबड्डीतील बचावफळी आणि चढाईपटूची कामगिरी

कबड्डीत चढाई एकटा खेळाडू करतो, तर पकड बहुधा अनेकांच्या समन्वयातून होते. त्यामुळे चढाईपटूचे यशापयश हे सर्वस्वी त्याचे वैयक्तिक मानण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात बाद झालेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात आणणाऱ्या संजीवनी पद्धतीमुळे चढाईपटूला किती संधी मिळतील, हे मोठ्या प्रमाणात त्याच्या संघाच्या बचावफळीवर ठरते. सूर हरपलेल्या चढाईपटूची कामगिरी बचावफळी भक्कम केल्याने सुधारते का, हा संघनिवड व प्रशिक्षण यांतील महत्त्वाचा प्रश्न आहे. भक्कम बचावामुळे चढाईपटूच्या संधी वाढतात व त्याच्यावरील दडपण कमी होते. मात्र वेग, पदन्यास किंवा निर्णयक्षमता यांतील उणीव त्यामुळे भरून निघत नाही.

नियमांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पूर्वी ‘हुतूतू’ या नावाने परिचित असलेल्या या खेळाचे संजीवनी, गमिनी व अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. गमिनी प्रकारात बाद झालेला खेळाडू आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहत असे. अमर प्रकारात बाद खेळाडू मैदान सोडत नसे. प्रतिस्पर्ध्याला केवळ गुण मिळे. संजीवनी प्रकारात प्रतिस्पर्धी संघाचा एक खेळाडू बाद झाला की आपल्या संघाचा एक बाद खेळाडू परत येतो. आजची प्रमाणित कबड्डी याच तत्त्वावर खेळली जाते.

प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात असतात. पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचे दोन डाव होतात आणि एका चढाईसाठी कमाल ३० सेकंद मिळतात. बाद खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने परत येतात. तीन सहकारी आधीच बाहेर असताना चढाईपटू बाद झाला, तर त्याला परतण्यासाठी संघाला प्रतिस्पर्ध्यांचे चार खेळाडू बाद करावे लागतात. बोनस गुणामुळे कोणीही परत येत नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या यशस्वी पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण मिळतात. परंतु परत येणारा खेळाडू एकच असतो. संपूर्ण संघ बाद झाल्यास त्याच्यावर लोण चढतो, प्रतिस्पर्ध्याला दोन अतिरिक्त गुण मिळतात आणि सर्व सात खेळाडू पुन्हा मैदानात येतात.

परिणामाचे मार्ग

बचावफळीचा चढाईपटूवरील परिणाम मुख्यतः चार मार्गांनी होतो.

पहिला मार्ग वेळेचा. दोन्ही संघ आलटून पालटून चढाया करतात. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंदांची धरल्यास एका संघाला मिनिटाला एक चढाई मिळते. चढाईपटू पाच मिनिटे बाहेर बसला, तर संघाच्या पाच चढाया, म्हणजे एका डावातील एकचतुर्थांश चढाया, त्याच्याविना होतात. बचावफळीने पुढच्याच चढाईत प्रतिस्पर्ध्याची पकड केली आणि बाहेर दुसरा कोणी नसला, तर तो लगेच परततो.

दुसरा मार्ग प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येचा. पकडला गेलेला प्रतिस्पर्धी चढाईपटू बाहेर जातो आणि त्यांच्या बचावातील एक माणूस कमी होतो. सहा किंवा पाच जणांची साखळी सातांच्या साखळीपेक्षा विरळ असते. कोपरारक्षक व मध्यरक्षक यांच्यामधील जागा वाढते. याला दुसरी बाजूही आहे. बोनस गुण मिळण्यासाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात, त्यामुळे बोनसवर भर देणाऱ्या चढाईपटूचा एक मार्ग बंद होतो. प्रतिस्पर्धी तिघांवर आले, की अव्वल पकडीचा धोकाही उभा राहतो.

तिसरा मार्ग दडपणाचा. प्रो कबड्डी लीगमध्ये सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे बंधनकारक असते. अन्यथा चढाईपटू बाद होतो. आघाडीवर असलेल्या संघाचा चढाईपटू पहिल्या दोन चढाया सावधपणे करू शकतो. पिछाडीवरील संघाच्या चढाईपटूला मात्र जवळजवळ प्रत्येक चढाईत धोका पत्करावा लागतो व तो अधिक वेळा पकडला जातो.

चौथा मार्ग सरावाचा. ज्या चढाईपटूला रोज आपल्याच संघातील कसलेल्या कोपरारक्षकांसमोर चढाई करावी लागते, त्याला घोट्याची पकड, मांडीची पकड व साखळीचा वेढा यांतून सुटण्याचा सराव मिळतो.

प्रो कबड्डी लीगमधील उदाहरणे

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

पुणेरी पलटण या संघाने दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. या संघात डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई, गौरव खत्री, अबिनेश नादराजन व संकेत सावंत यांची बचावफळी होती. शादलुई हा त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. हंगामातील सर्वाधिक चढाई-गुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकने मिळवले, पुण्याच्या कोणीही नव्हे. पुण्याच्या चढाया कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत व पंकज मोहिते यांच्यात विभागलेल्या होत्या. इनामदारची हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून निवड झाली. एकाच चढाईपटूवर सारा भार न टाकता बचावाच्या जोरावर सर्वांना मोकळीक देण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच्या उलट, २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने ३६९ चढाई-गुण मिळवले. अंतिम सामन्यात पाटण्याने फझल अत्राचली व अबोझार मिघानी यांच्या बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या गुजरात संघाला ५५–३८ असे हरवले. असामान्य चढाईपटू नामांकित बचावफळीलाही निष्प्रभ करू शकतो, हे या सामन्याने दाखवले. मात्र २०१९ च्या सातव्या हंगामात नरवालने ३०० हून अधिक चढाई-गुण मिळवूनही पाटणा संघ पहिल्या सहांत येऊ शकला नाही.

आठव्या हंगामापूर्वी यूपी योद्धा संघाने नरवालला १.६५ कोटी रुपयांना घेतले. लीगमधील तोपर्यंतची ती सर्वोच्च बोली होती. या संघाकडे सहाव्या हंगामात १०० पकड-गुणांचा टप्पा गाठणारा नितेश कुमार व डावा कोपरारक्षक सुमित असा भक्कम बचाव होता. तरीही त्या हंगामात नरवालचे चढाई-गुण २०० च्या आत राहिले. बचाव उत्तम असूनही पूर्वीची गुणसंख्या परत आली नाही. अर्थात येथे सुरेंदर गिल व श्रीकांत जाधव यांच्याकडेही बऱ्याच चढाया गेल्या, त्यामुळे घट केवळ कौशल्याची होती असेही म्हणता येत नाही. संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता.

मूल्यमापनातील अडचणी

कारण व परिणाम वेगळे करणे कबड्डीत कठीण असते. चढाईपटू बाद झाला की बचावफळीतील एक माणूस कमी होतो, कारण चढाईपटू स्वतःही साखळीत उभा राहतो. म्हणजे कमकुवत बचाव चढाईपटूला बाहेर बसवून ठेवतो आणि अपयशी चढाईपटू बचाव अधिक कमकुवत करतो. शिवाय बाद चढाईपटूला दुसऱ्या चढाईपटूच्या गुणामुळेही परत येता येते. त्यामुळे श्रेय केवळ पकडींना देता येत नाही.

या कारणास्तव एकूण चढाई-गुणांपेक्षा तीन गोष्टी स्वतंत्रपणे पाहणे उपयुक्त ठरते: प्रति चढाई मिळालेले गुण, बाहेर बसून गेलेला वेळ आणि चढाईच्या वेळी समोर असलेल्या बचावपटूंची संख्या. प्रति चढाई गुण चांगले असून एकूण गुण कमी असतील, तर उणीव संधीची असते व ती बचाव सुधारून भरून काढता येते. सहा-सात जणांच्या बचावासमोर पुरेशा चढाया मिळूनही गुण येत नसतील, तर उपाय चढाईपटूच्या तंत्रातच शोधावा लागतो.

विदर्भ व यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ

विदर्भाचा कबड्डीशी जुना संबंध आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले होते. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून स्वतंत्रपणे उतरतो. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात मोडतो. शालेय कबड्डी स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात.

या पातळीवर वरील प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका पराभवाने संघाची वाटचाल संपते. त्या एका सामन्यातील गुणसंख्येवरून खेळाडू पारखला गेल्यास, कमकुवत बचावामुळे अर्धा सामना बाहेर बसलेला गुणी चढाईपटू निवडीतून सुटू शकतो. त्याला किती चढाया मिळाल्या, याची साधी नोंद ठेवल्यास हा धोका कमी होतो. त्यासाठी कागद, पेन्सिल व घड्याळ पुरेसे असते.

इतर खेळांशी तुलना

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच प्रश्न क्वार्टरबॅकबाबत विचारला जातो. पाच जणांची आक्रमक फळी प्रतिस्पर्ध्यांना रोखून त्याला चेंडू फेकण्यास वेळ मिळवून देते. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सचा डेव्हिड कार चेंडू फेकण्याआधीच विक्रमी ७६ वेळा पाडला गेला. पुढे इतर संघांतही तो प्रमुख क्वार्टरबॅक म्हणून स्थिरावला नाही. याउलट २०२१ च्या हंगामात सिनसिनाटी बेंगल्सचा जो बरो साखळी सामन्यांत ५१ वेळा पाडला गेला, तरी अचूक फेकींच्या टक्केवारीत तो अव्वल राहिला. चेंडू फार वेळ हातात ठेवणारा क्वार्टरबॅक स्वतःही आपल्या फळीचे काम कठीण करतो.

दोन्ही खेळांत एक मूलभूत फरक आहे. क्वार्टरबॅकला संरक्षण खेळी चालू असतानाच मिळते. कबड्डीत मध्यरेषा ओलांडल्यावर चढाईपटू पूर्णतः एकटा असतो. त्याचे सहकारी त्याला चढाईपूर्वी अनुकूल स्थिती आणि बाद झाल्यावर परतीची वाट एवढेच देऊ शकतात.